दहावा हिस्सा

दलनझादगदच्या बाजारात, कंटेनरमधल्या दुकानात
खिश्गेबाईनं फळीवर तीन चार्जर मांडले.
मी मोठ्याकडे बोट केलं.
वीस अँपिअर, लोखंडी पेटी, वर पंखा,
याकसारखा रुंद.
"बॅटरी केवढी?" तिनं विचारलं.
पंच्याहत्तरची.
"मग त्याचा दहावा हिस्सा घे. सात, फार तर आठ.
तहानलेल्या घोड्याच्या नाकात कुणी बादली ओततं का?"
आणि वीज कुठनं देणार?
पॅनल एक, दोनशे वॉटचं. इन्व्हर्टर तीनशेचा,
तोही दिराचा.
ती हसली नाही. मोठा उचलून खाली ठेवला,
पायानं आत सरकवला,
जणू माझ्या नजरेआड केलेलंच बरं.

गेल्या हिवाळ्यात दशझेवेगनं तसलाच एक उसना आणला होता.
बॅटरी रात्रभर फुर्गोनमध्ये राहिलेली, उणे चौतीसमध्ये,
आतलं सगळं गोठून दगड. यानं तसाच लावला.
पोट फुगलं तिचं, कडेनं चीर गेली,
आणि त्याच्या देलच्या बाहीला
बोट जाईल एवढी भोकं पडली.
मी ती शिवली नाहीत. मुद्दामच.

आता रोज अंधार पडायच्या आधी तिला आत आणतो.
पहिली काळी तार सोडायची, मग लाल.
तो गेरचं दार धरतो, मी उचलते,
अठरा किलो, उंबऱ्याला पाय न लावता.
तिची जागा पश्चिमेला, खोगिराशेजारी.
"खोगिराशेजारी हे?" सासरे म्हणाले.
मी म्हटलं, दोघांचं काम एकच आहे.
ते गप्प झाले,
पण त्या रात्री माझ्याकडे चहा मागितला नाही.
लवकर जन्मलेली दोन कोकरं चुलीपाशी.
त्यातलं एक उठून तिच्या अंगाला टेकतं,
ऊब मिळत नाही, तरी टेकतं.

भरायची मात्र दिवसा, दाराजवळ,
चुलीपासून जमेल तेवढी लांब,
आणि दार वीतभर उघडं.
भरताना ती जो वायू सोडते
त्याला ठिणगीच हवी असते.
लाल अधिकला, काळा उण्याला, बटण सगळ्यात शेवटी.
काढताना उलट.
दाराच्या चौकटीवर कोळशानं लिहून ठेवलंय मी,
दशझेवेगच्या डोळ्यांच्या उंचीवर.

माघारी फिरायची घाई असलेलं ऊन,
साडेचार तास, त्यात दुसऱ्या दिवशी ढग.
दोन दिवस टीव्ही बंद.
सासऱ्यांच्या कुस्त्या बुडाल्या.
"तुझ्या डब्यानं माझा पैलवान गिळला,"
गळ्यापर्यंत पांघरूण ओढून ते म्हणाले,
वर दारातून येणारा वारा.
मी काय बोलणार!
पिवळा दिवा लुकलुकत होता.
सोयोल्मा नव्वद किलोमीटरवर, शाळेच्या वसतिगृहात,
त्सगान सार चार दिवसांवर,
आणि तिनं फोनवर एवढंच विचारलं होतं:
गाडी चालू होते का?

दिवा हिरवा झाला तेव्हा कुणीच बघत नव्हतं.
मी शेण गोळा करून आले तर
कोकरू तारेवर मान टाकून झोपलेलं,
आणि त्याच्या कानाला हिरवा उजेड.
मी लगेच काढली नाही.
भरल्यावर हा स्वतःच हात आखडता घेतो,
घोटाघोटानं, निगा राखण्यापुरतं देतो,
खिश्गेबाईनं सांगितलं होतं.
रात्री मीटर लावला: बारा पूर्णांक सात.
सासऱ्यांना दाखवला.
त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला,
मग मीटर उलटा करून मागून पाहिला.

पहाटे बॅटरी फुर्गोनमध्ये बसवली.
लाल, मग काळी. नट घट्ट.
सासरे देलची गाठ मारत बाहेर आले,
हातात दुधाचा पळा.
चारही चाकांवर शिंतोडे, एक आकाशाला,
मग वळले ते दाराशी ठेवलेल्या चार्जरकडे,
त्याचंही काही देणं लागतो म्हणून.
"अहो, त्याच्यावर नको!"
आम्ही दोघं एकदम ओरडलो.
त्यांचा हात हवेत थांबला.
माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं,
आणि उरलेलं दूध स्वतःच पिऊन टाकलं.

दशझेवेगनं किल्ली फिरवली.