अर्धा कप

कांचन कप अर्धाच भरते,
उरलेला अर्धा माझ्या हाताचा.

हात मांडीवर पडलेला असतो तेव्हा गरीब असतो,
दुपारच्या मांजरासारखा.
कप घ्यायचा, असं मनात आलं रे आलं
की कुणी दोरी ओढल्यासारखा उसळतो.
मिरजेचे डॉक्टर म्हणाले,
मेंदूला हवा कमी पडली होती,
आता हलायचं ठरवलं की झटका आधी येतो.
म्हणजे काही न ठरवता चहा प्यायला शिकायचं.
बत्तीस वर्षं पोती उचलली,
तेव्हा कुठं काय ठरवलं होतं?

हरिपूरची पेवं तुम्ही पाहिली नसतील.
जमिनीला खांद्याएवढं तोंड,
खाली चार पुरुष खोल पोट.
हळद तिथं वर्षानुवर्षं झोपायची, किडीवाचून.
कीडसुद्धा जगत नाही तिथं,
एवढ्यावरून कळायला हवं होतं.

रीत अशी, की तोंड उघडायचं,
रात्रभर उघडं ठेवायचं,
मग कंदील सोडायचा.
कंदिलानं तग धरला तर माणूस.
त्या दिवशी लॉरी उभी होती, हॉर्न वाजत होता.
ज्योत बारीक झाली, विझली नाही.
दस्तगीर म्हणाला, थांब जिन्नू.
मी म्हटलं, जळतोय की.

तळाला पाय लागला, तेवढं आठवतं.
पुढचे एकवीस दिवस माझ्याकडे नाहीत,
दवाखान्याच्या बिलात आहेत.

आता रस्त्यानं चालताना गुडघे मध्येच सुटतात,
भुईच काढून घेतल्यासारखे.
पोरं म्हणतात, आण्णा सकाळीच लावून आले.
खरं सांगू?
मेव्हण्याकडे एकदा घोटभर घेतली,
तर दोन तास हात देवासारखा स्थिर.
कांचननं बाटली मोरीत ओतली
आणि भिंतीकडे तोंड करून रडली.
तिनंही पाहिला होता तो हात.

कुकरची शिट्टी, दार, शिंक,
मागून नुसतं कुणी हाक मारली तरी
सगळं अंग उडतं.
दस्तगीर म्हणून लांबूनच खाकरत येतो.
त्यानं ओढून काढलं म्हणून मी आहे.
त्याला वाटतं, उशिरा ओढलं.
यावर आम्ही बोलत नाही.
तो माझी तंबाखू मळून देतो.

पद्मलच्या हळदीला मी आतल्या खोलीत बसून राहिलो.
बायका बोलवायला आल्या. म्हटलं, नको,
बोट डोळ्यात जायचं पोरीच्या.
मग तीच आली, वाटी घेऊन,
मुंडावळ्या एका हातानं सावरत, खाली बसली.
माझा हात उताणा मांडीवर.
तिनं त्यात हळद ओतली.
म्हणाली, आण्णा, तुम्ही काही करू नका.
करायचं मनातसुद्धा आणू नका.
आणि गाल आणला,
हळू फिरवला माझ्या तळव्यावर,
एक, मग दुसरा.

वास तोच, पेवातला.
खिडकी उघडी होती, मी पाहून घेतलं.

बाहेर बँजोवाल्यांनी पहिली थाप दिली
आणि हात उडालाच.
शिंतोडे थेट घड्याळापर्यंत.
पद्मल हसली, नाकाच्या शेंड्यावरचा पुसला, गेली.

कांचन म्हणते, रंग देताना जातील डाग.
रंग द्यायची घाई
अजून कुणी केलेली नाही.