आंबट बंद

सातपूरला लेथवर असताना
मनगटाला लागलं होतं, एकोणनव्वद साली.
सात टाके. वण राहिला,
मी विसरलो.

या दिवाळीनंतर तो वण उघडला.
आपोआप.

गुडघे धरले तेव्हाच आंबट सोडलेलं,
शेजारच्या भामरे काकूंच्या सांगण्यावरून.
लिंबू नको, चिंच नको, टोमॅटोसुद्धा नको.
चहा-टोस्ट, रात्री मुगाची खिचडी.
टोस्टला रक्त लागायचं.
मी ब्रश बदलला.

सिव्हिलमधली डॉक्टर, गांगुर्ड्यांची पोर,
नडगीवरचे पिळवटलेले केस बघत राहिली.
"जखम एकदाच भरत नाही, काका.
शरीर रोज नव्यानं टाके घालतं.
तुमचा दोरा संपलाय."

रविवार कारंज्यावर पेरूवाल्यानं विचारलं,
मीठ लावू?

हिरड्या चरचरल्या.
तसाच उभ्यानं दोन खाल्ले.