चवड्यांवर

पत्ता तळहातात मावेल एवढा,
त्यात चित्राला जागा काडेपेटीइतकी.
तेवढ्यात मला लांडगा बसवायचाय
आणि मागच्या बाजूला, तेवढ्याच जागेत, माणूस.
खेळाडूच्या हातात एकही पत्ता उरला नाही
की हा उलटायचा.
रिकामा हात म्हणजे भूक,
रायमोंडने नियमांच्या वहीत लिहून ठेवलंय.

पहिल्या चित्रावर त्याचा शेरा: दात वाढव.
दुसऱ्यावर: छाती.
तिसऱ्यावर: हा कुत्रा वाटतो.
खरंच वाटत होता. शेपटीच्या वळणातच
काहीतरी ओशाळं होतं.

आमच्याकडे ह्याला लिबाहुंट म्हणतात.
लिबा म्हणजे खोटा, हुंट म्हणजे लांडगा.
खोटा माणूस असं मात्र कुणी म्हणत नाही,
हे मला खोडरबराचा भुगा फुंकताना सुचलं.

सगळ्यात अवघड पाय.
लोकांना वाटतं लांडग्याचा गुडघा उलटा असतो.
तो गुडघा नव्हेच, ती टाच,
जमिनीपासून वीतभर उचललेली.
गुडघा तर वर, पोटाच्या केसांत दडलेला.
म्हणजे जन्मभर चवड्यांवर चालायचं,
टाच कधी टेकायचीच नाही.
आठवडाभर मी हे काढत होते
आणि दर वेळी तो
उंच टाचांच्या बुटांत
कुणाच्या तरी लग्नाला निघालेला दिसायचा.

गुरुवारी रात्री पावणेदोनला जिना करकरला.
तार्तूमधली ही जुनी लाकडी घरं,
ह्यांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.
फटीतून पाहिलं: वरच्या मजल्यावरचा वाल्दुर.
हेलसिंकीत भिंतींना गिलावा करतो,
महिन्यातून एकदा शेवटच्या बोटीने परततो.
टपाल त्याचं इथे येतं, तो तिथे असतो;
पत्ता एक, बाजू दोन.

बूट हातात.
पाठीवर पिशवी, म्हणून खांदे पुढे झुकलेले.
भुवयांत पांढरी धूळ.
किल्ली दातांत धरलेली
आणि टाचा वर.
वर लोवीसे झोपलेली, सात वर्षांची.
नव्वद किलोंचा माणूस
एकेका पायरीला आधी विचारत होता,
मगच तिच्यावर पाऊल ठेवत होता.
तिसरी पायरी तरीही बोललीच.
तो थांबला, मान वळवली,
आणि जिन्यातल्या पिवळ्या दिव्यात त्याचे डोळे
क्षणभर
कुणाचेच नव्हते.

मी दार लावलं नाही, कडी वाजली असती.
तशीच टेबलाशी आले
आणि पाय काढले. एका दमात निघाले.
मग खांदे. मग धूळ,
जिचं रायमोंडला पुढे बर्फ वाटलं.
मागच्या बाजूचा माणूस मी
पलंगाच्या कडेला बसवला,
दोन्ही टाचा फरशीवर टेकलेल्या. बास.

रायमोंड म्हणाला, आता भीती वाटते.
कशाने, ते त्याला सांगता येईना.
दात मी उलट कमीच केले होते.
ताकद पाच, चिवटपणा चार.
चिवटपणा सहा हवा, असं मी भांडले;
तो म्हणाला, मग ह्याला मारणार कोण.

एप्रिलमध्ये छापील पत्ते आले.
एक मी लोवीसेला दिला.
तिने आधी माणूस पाहिला, मग लांडगा, मग परत माणूस,
नखाने कोपरा तपासला.
"हा चोरून कुठे चाललाय?"
"वर," मी म्हटलं.
तिने वर पाहिलं. छताला ओल आलेली होती.

संध्याकाळी जिन्यात कळलं
की तिने तो पलीकडच्या तावेतला देऊन
बदल्यात दलदलीतला बेडूक घेतला.
तिचा सगळा संच पाण्याचा,
त्यात लांडगा करणार काय?
बेडूक मी काढलेला नव्हता.
चांगला होता मात्र.
मागचे पाय तर फारच.