कडू जात

नाम्पुलाच्या उत्तरेला, मेम्बाकडे जाणाऱ्या लाल वाटेवर
आतिजाची दोन शेतं आहेत कसाव्याची.
घरामागचं गोड जातीचं.
तिथे माकडं येतात, पुतणे येतात,
रात्री शेजारचा मुसागी येऊन जातो
आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तोच
चोर चोर म्हणून ओरडतो.

ओढ्यापलीकडचं कडू.
तिकडे कुणी फिरकत नाही.
कुंपण नाही, कुत्रं नाही, माळ्यावर पोरगं नाही.
झाडाने आपली राखण आपणच ठेवली आहे
मुळाच्या पोटात.

पेशीपेशीत एक बंद खोली,
खोलीत साखरेला बांधून निजवलेलं विष.
भिंतीपलीकडे त्याची गाठ सोडणारा.
जन्मभराचे शेजारी, एकदाही भेट नाही.
मग कुणाचा तरी दात बसतो,
भिंत पडते,
आणि कडू बदामाचा वास सुटतो.

हे मी शाळेच्या फळ्यावर काढून दाखवलं.
आतिजाने मान हलवली.
म्हणाली, तुम्ही त्याला नाव दिलंत.
आम्ही त्याला दिवस देतो.

म्हणजे सोलायचं, चिरायचं, छपरावर पसरायचं
आणि तीन आठवडे त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.
मग उखळ, मग चाळण, मग काराकाता:
राखाडी, घट्ट, बोटांनी तोडून
सुक्या मासळीच्या रश्शात बुडवायची.

ज्या वर्षी आभाळ आलंच नाही
त्या वर्षी झाडाने राखण वाढवली.
तहानेला त्याच्याकडे एवढंच उत्तर.
आणि माणसांजवळ तीन आठवडे नव्हते.
तिसऱ्या दिवशीच छपरावर शिडी लागली.
सोबत मासळी नव्हती, शेंगा नव्हत्या,
ज्यांच्यातला चिमूटभर गंधक घेऊन
शरीर हे विष रोज निमूट मोडत असतं.

ऑगस्टात एका सकाळी
मुआनाशा, वय नऊ, पाण्याला जायला उठली
ती उभीच राहू शकली नाही.
ताप नाही. जखम नाही.
पाय मात्र आतून कुणी दोर ताणावा तसे.
त्या महिन्यात गावात अशी अकरा.

आता ती चौदाची आहे.
काठी घेऊन चवड्यांवर चालते.
ओढ्याच्या वाळूत तिची वाट वाचता येते:
बोटं, बोटं, काठीचं भोक,
बोटं, बोटं.
टाच कुठेच नाही.

मी पिवळ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आलो होतो.
बाटलीत पीठ, पिठात पाणी, वर लोंबती पट्टी.
रात्र गेली. पट्टी विटकरी झाली.
आतिजाने ती उन्हात धरली, उलटी केली, परत दिली.
"माझ्या जिभेला त्या वर्षीही कळलं होतं," म्हणाली.
"पहिल्याच घासाला.
मुलं ताटाशी बसली होती."

मी बुच लावत राहिलो, आधीच लावलेलं.
माझ्या आईच्या संकष्टीचा साबुदाणा
याच झाडाच्या मुळातून येतो.
आमच्याकडे तो
उपवासाला खातात.

आता पीठ आणखी एकदा भिजवतात इथे.
दळून झाल्यावर, शिजवण्याआधी,
चटईवर नखाएवढा पातळ थर, सावलीत पाच तास.
पिठातून काहीतरी निघून जातं
जे दिसत नाही, आणि वाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.
कोंबड्या हाकलायला मुआनाशा बसते.
बसायचं काम आहे म्हणून तिला दिलं,
असं आधी सगळे म्हणाले.
आता तिला विचारल्याशिवाय चटईला कुणी हात लावत नाही.

दुपारी मुसागीचा धाकटा आला,
वाटी पोटाशी धरून,
थराच्या कडेला बोट लावायला वाकला.
तिने काठी आडवी घातली.
सावली कुठवर आली ते पाहिलं.

"अजून नाही," म्हणाली.