मधलं नाव

सकाळचे सव्वाआठ. एरी सरोवरावरून आलेला बर्फ
रात्रभर पडून आता दमलाय.
एतेरी वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीवरून सुटली नाही अजून,
म्हणून मुलाचं नाव घालायला मी आलोय शाळेत,
लोकांच्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस,
नखांतली काजळी दोनदा घासूनही तशीच.

लाशा माझ्या शेजारी बसलाय.
म्हणजे, मधे एक खुर्ची सोडून.
त्या खुर्चीवर त्याने फाईल ठेवलीय, जपून,
जणू तिसरं कुणी आलंय आमच्याबरोबर.

काउंटरपलीकडे मिसेस व्होयचिक.
टेबलावर चिनीमातीचा बेडूक, त्याच्या पोटात पेपरमिंटच्या गोळ्या.
ती एकेक कागद मागते, मी एकेक काढतो:
भाडेकरार, विजेचं बिल, पासपोर्ट,
कुताइसीच्या शाळेचं गुणपत्रक.
त्यावरची अक्षरं माझ्या मासेमारीच्या डबीतल्या
गळांसारखी वाकडी, एकमेकांत अडकलेली.
पण भूमितीत दहापैकी दहा,
एवढं मलाही वाचता येतं.
“तरी नववीतच बसवू,” ती म्हणते, “इंग्रजीचं बघून.”
मार्चमध्ये सोळा पूर्ण होतील त्याला.
नववी म्हणजे किती, ते कळतं त्याला.
तो बेडकाकडे बघत राहतो.

लशीचा एक डोस कमी पडतोय.
लस हा शब्द ऐकून तो उठतो, जाकीट काढतो, बाही वर सारतो,
टोचा, इथेच, आत्ताच.
मिसेस व्होयचिक हसते, पण वाईट नाही हसत.
दंडावर एक जुना गोल व्रण, नाण्याएवढा.
पाच महिने एका छपराखाली, एकाच बाथरूमच्या दाराशी
आळीपाळीनं ताटकळत काढले,
आणि हा व्रण मी आज पहिल्यांदा बघतोय.

विद्यार्थ्याशी नातं. चार चौकटी:
आई, वडील, पालक, इतर.
मी ‘इतर’वर खूण करतो.
पुढे एक रेघ असते, स्पष्ट करा म्हणून.
स्पष्ट करायला जागा दोन इंच.
‘सावत्र’ लिहितो.
कागदावर बरा दिसत नाही तो शब्द.
कुठल्याच भाषेत दिसत नसावा.

“मधलं नाव?”
नाही, मी म्हणतो. त्यांच्याकडे नसतं. पासपोर्टातही नाही.
“कॉम्प्युटर पुढे जात नाहीये.”
आम्ही तिघंही कॉम्प्युटरची वाट बघतो.
लाशा ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात घोळवतो,
मधलं, नाव,
आणि म्हणतो, “झुराब.”

आमच्या घरात हे नाव कुणी उच्चारत नाही.
मला ते माहीत आहे एका मृत्यूच्या दाखल्यावरून,
व्हिसाच्या वेळी ज्याचं भाषांतर
मी पन्नास डॉलर देऊन करून घेतलं होतं.
त्या दाखल्यात वय होतं एकोणचाळीस.
मला बेचाळिसावं चालू होतं तेव्हा.

“कसं लिहायचं?” ती मला विचारते.
लाशाही माझ्याकडेच बघतोय.
झेड, मी सांगतो. यू. आर. ए.
बी, बॉयलरमधला बी,
सुटे भाग फोनवरून मागवताना सांगतो तसं.
ती एकदा पासपोर्टकडे बघते, एकदा त्याच्याकडे,
आणि किल्ल्या बडवते.
कॉम्प्युटर पुढे जातो.

मग लॉकर, तीनशे अठरा.
असलं आकड्यांचं कुलूप त्याने पाहिलेलं नाही.
उजवीकडे. डावीकडे, एक फेरा जास्त. पुन्हा उजवीकडे.
मी दोनदा करून दाखवतो.
तिसऱ्यांदा तो माझा हात बाजूला करतो,
हळूच नाही, जोरातही नाही.
आत मागच्या वर्षीचा कुणाचा तरी एकच हातमोजा.
तो फेकत नाही. आकड्याला अडकवून ठेवतो.

“तीन वाजता?” तो विचारतो. इंग्रजीत. मला.
तीन वाजता, मी म्हणतो.
“दोन चाळीसला!” मिसेस व्होयचिक मागून ओरडते.

दोन चाळीस. मी तळहातावर लिहून घ्यायला जातो.
काजळीवर पेन उमटत नाही.
दुसऱ्या हातावर लिहितो.