लाकडाचं तिकीट

पहिल्या वर्षी तिकीट होतं एक लाकूड.
चहाचा कारखाना बंद पडलेला, तारांत वीज नाही,
आणि नुगझार म्हणाला, नाटक करूया.
आम्हाला वाटलं, थंडीनं डोकं फिरलं याचं.

मी दारात बसलो वही घेऊन.
अजून आहे ती, कोपरे उंदरांनी खाल्लेत:
ओतिया – तुतीची फांदी, ओली.
जुळ्या बहिणी – द्राक्षवेलीच्या काटक्या, एकच मोळी. (दोघींना सोडलं.)
भूगोलाचे मास्तर – नकाशाची दांडी.
लामारा – खुर्चीचा पाय, एक.

ओतियाच्या फांदीनं घात केला.
धुरात राजा खोकला, राणी खोकली,
तिसऱ्या अंकात तर प्रेत खोकलं.
मग जे हसू फुटलं
ते बाहेर बर्फापर्यंत ऐकू गेलं असणार.
दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावातून एक गाढव भरून लाकूड आलं,
मागोमाग तिथली मंडळी.
अकराव्या वर्षी सरहद्दीपलीकडून एक बस.

आता एकतिसावं. तिकिटं फोनवर दाखवतात.
पत्ती सुकवायच्या माडीवर सोळा देशांची पोरं,
सकाळी नऊला, अनवाणी.
लिस्बनच्या दुल्सेबाई सांगतात,
मी आमच्या भाषेत सांगतो, कुणीतरी आणखी तिसरीत:
नसलेल्या खुर्चीवर बसा.
बसल्याचं दाखवू नका. बसा.
फिनलंडच्या आर्तोच्या मांड्या थरथरतात,
डाकारची कुंबा डोळे मिटून काहीतरी मोजते,
आणि एकेक जण पिकल्या पेअरसारखा
पट्‌कन खाली.

लामारा झाडायला आली होती.
यांचं आटपेना, म्हणून खालून आपली खुर्ची घेऊन आली,
भिंतीपासून दूर ठेवली, बसली,
आणि ओट्यात लसूण घेऊन सोलू लागली.
खुर्चीला तीन पाय.
चौथ्या कोपऱ्याखाली नुसती हवा,
आणि तिचं सगळं अंग त्या हवेला सांभाळून
कसं कुणास ठाऊक, निवांत.

दुल्सेबाई बोलता बोलता थांबल्या.
जवळ जाऊन उकिडव्या बसल्या, खाली वाकून पाहिलं.
हे कुणी शिकवलं, विचार त्यांना.
मी विचारलं.
लामारा म्हणाली, कोण शिकवणार? बसायचं तर होतंच.

मी सुतार माणूस. तीनदा म्हणालो होतो तिला,
अक्रोडाचा पाय बसवून देतो, फुकट.
तिन्ही वेळा एकच उत्तर:
तिकीट कुणी परत घेतं का?
हे मात्र मी बाईंना सांगितलं नाही.
माझ्याच भाषेत राहू दिलं.

मग पोरांनी रांग लावली त्या खुर्चीपुढं.
कुंबा पडली. आर्तो पडला, दोनदा.
दुल्सेबाई पडल्या आणि आडव्या पडूनच हसत राहिल्या.
लसणाची सालं माडीभर उडाली.

लामारा झाडू हातात घेऊन उभी:
झालं का तुमचं?