पन्नास किलोमीटरनंतर

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार.
वाद्सोच्या आमच्या अंगणातला उजेड
तीन वाजताच आवराआवरीला लागलेला,
आणि बाबा मासळीच्या पालथ्या क्रेटवर,
कान गाडीकडे, तोंड खाडीकडे.

काचबिंदूनं डोळे नेले त्याला चार वर्षं झाली.
त्याआधी या गल्लीतली निम्मी चाकं
बर्फाच्या तोंडावर त्यांच्याच हाताखालून जायची.
आता जुनी व्होल्वो आणि मी.

"जमीन सपाट आहे?"
"आहे."
"डोळ्यांनी सांगू नकोस, बाटली आडवी ठेव."
ठेवली. घरंगळली नाही.
"हँडब्रेक? पाचर?"
मी गप्प. गप्प बसलेलंही त्यांना ऐकू येतं.
उठले, लाकडाची पाचर शोधून
पलीकडच्या चाकाला ठोकून आले.

जॅकला हात घातला तर म्हणाले,
"आधी बोल्ट. चाक टेकलेलं आहे तोवर
जमीन तुझ्या बाजूनं आहे, रगन्‌हिल्ड.
उचललंस की कुणीच नाही."

पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला.
पहिला किंचाळला, दुसरा कुरकुरला,
तिसरा सुटेना तेव्हा माझ्या तोंडून एक शिवी गेली,
आईनं न शिकवलेली.
"ती माझी आहे," बाबा म्हणाले. "जपून वापर."

मग जॅक, दोन खाचांच्या मधोमध.
मग मी सहज म्हणाले, स्टँड राहू दे का,
पाच मिनिटांचं तर काम.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत.
लहानपणी आम्हाला सांगायचे, कॉडनं खाल्ली.
"चौऱ्याऐंशी साली," आज म्हणाले,
"मलाही पाच मिनिटांचंच काम होतं.
स्टँड गॅरेजात होता. दहा पावलांवर."
आणि जरा वेळानं, खाडीला सांगावं तसं,
"दहा."

मी स्टँड लावला.
काढलेलं चाकही आडवं करून गाडीखाली सरकवलं.

पुढचं डावं गंजानं चिकटून बसलेलं.
एक बोल्ट दोन आट्यांवर ठेवून लाथा घातल्या,
एकदा इकडून, एकदा तिकडून,
तेव्हा कुठे ते रुसवा सोडून हललं.
तारेच्या ब्रशनं हब घासला. लाल भुकटी
नखांत, नाकात, कॉफीच्या कपात.

खिळ्यांचं चाक बाबांनी मांडीवर मागितलं.
अर्ध्या बोटांनी कडेचा बाण चाचपला.
"हे उजवीकडचं. तुझ्या डोक्याचे आटे
आधी आवळू का?"

बोल्ट हातानंच लावायचे.
पाना लावला की तिरका बोल्टही आत जातो,
आणि आयुष्यभर तिरकाच राहतो.
"थोडा उलटा फिरव. खट् करून बसेल.
तिथून सुरुवात."
फिरवला. बसला. एवढं मऊ लोखंड
मी पूर्वी कधी हातात धरलं नव्हतं.

गाडी खाली. टॉर्क रेंच एकशेचाळीसवर.
शेजारी शेजारी नाही, एक सोडून एक,
हात न उचलता चांदणी काढावी तसं.
टक्. टक्. चारही चाकांचे मिळून वीस.

"एकोणीस," बाबा म्हणाले.
मी वीस मोजले होते.
तरी पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक बोल्ट
आधीच आवळलेला, जागच्या जागी टक् करणारा.
वीस.
वर एक समुद्रपक्षी ओरडत होता,
त्याच्यावर ढकलता आलं असतं.
बाबांनी ढकललं नाही. मान खाली घालून
क्रेटची एक फळी नखानं सोलत राहिले.

निघताना म्हणाले, पन्नास किलोमीटरनंतर
परत एकदा. नवीन चाकं हबवर बसायला वेळ घेतात.
आणि फोन कर.

वारांगरबोटनच्या पेट्रोलपंपावर
अंधार, बारीक बर्फ, आणि फोन मडगार्डवर, स्पीकर चालू.
पहिले चार तसेच होते.
पाचव्यावर रेंच टेकवला, अजून जोरही लावला नव्हता.
"ऐकू आलं," पलीकडून बाबा म्हणाले.
"छान बसलाय."

"हो," मी म्हणाले.
आणि मग फोनवर तळहात ठेवून
तो बोल्ट आवळला,
टक् होईपर्यंत.